ठाण्यात नव्याने आलात? वही-कागद कुठे घ्यायचा, कसा पारखायचा आणि तो मुळात येतो कुठून

नव्या घरात सामान लावून होत नाही तोच शाळेच्या ग्रुपवर यादी येते. एकरेघी शंभरपानी सहा, दुरेघी दोन, चौकडीच्या तीन, चित्रकला वही, घोटीव कागदाचं पाकीट, ब्राऊन पेपरचा रोल, नावाच्या चिठ्ठ्या. तुम्ही सोसायटीच्या गेटाबाहेरच्या दुकानात जाता. तिथे झेरॉक्स आहे, मोबाइलचं रिचार्ज आहे, फुगे आणि वाढदिवसाच्या टोप्या आहेत. वह्याही आहेत, पण एकाच कंपनीच्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. घोटीव कागद मागितला की काउंटरवरचा मुलगा क्रेप पेपर काढून देतो.

मी मूळची चंद्रपूरकडची. लग्न होऊन ठाण्यात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यातली बारा वागळे इस्टेटमधल्या एका लहान छापखान्यात कागदाची खरेदी बघण्यात गेली. त्यामुळे कुणी नवीन शेजारी आले की त्यांना दूधवाल्याचा नंबर इतर जण देतात, स्टेशनरीचं दुकान मी सांगते. एकेकाला सांगण्याऐवजी एकदाच लिहून काढते.

पायरी १ : कागद कशासाठी हवा ते आधी ठरवा

दुकानात गेल्यावर ठरवू म्हटलं की माणूस वेष्टणाला भुलतो. घरी दोन ओळी लिहून घ्या.

रोजच्या प्रिंटसाठी ए-४, ७० किंवा ७५ जीएसएम पुरतो. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल किंवा मुलाला शाईचं पेन आवडत असेल तर ८० घ्या. प्रोजेक्टला कार्डशीट. चित्रकलेला कार्ट्रिज कागद. मूल एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसणार असेल तर सरावसुद्धा जाड कागदावर करू द्या, कारण पातळ कागदावर पाण्याचा हात फिरला की तो पापडासारखा उचलतो. प्रतिज्ञापत्र, करारनामा असली कोर्टकचेरीची कामं असतील तर हिरवा लेजर कागद लागतो. हा प्रकार महाराष्ट्राबाहेरून आलेल्यांना नवा वाटतो. मात्र स्टॅम्पपेपर स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही, तो परवानाधारक मुद्रांक विक्रेत्याकडेच, आणि ऑक्टोबर २०२४पासून जुन्या शंभर रुपयांच्या बहुतेक कामांना पाचशेचा लागतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. एवढंच. मोठा आकडा म्हणजे चांगला कागद असं समीकरण नाही. ८० जीएसएमचा भुसभुशीत कागद मी पाहिलाय आणि ७०चा खणखणीत कागदही.

पायरी २ : कुठे जायचं

ठाणे पश्चिमेला स्टेशनमधून बाहेर पडलात की तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि त्या दोन वेगवेगळ्या कामांसाठी आहेत.

पहिली नौपाड्याची. गोखले रोड, राम मारुती रोड आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या. इथली जुनी दुकानं अरुंद आणि खोल, काउंटरमागे छतापर्यंत फळ्या. इथे सुटं मिळतं: एक ताव, एक निब, अर्धा डझन पुरवण्या. मालकाला माल तोंडपाठ असतो. दुपारी मात्र जपून जा. काही दुकानांची वामकुक्षी अजून चालू आहे. घोडबंदर रोडवरून तासभर ट्रॅफिकमध्ये बसून यायचं आणि शटर बघून परतायचं, हे माझ्या नणंदेने दोनदा केलंय.

दुसरी वाट जांभळी नाक्याची. तलावपाळी ओलांडून बाजारात शिरायचं. इथे धान्य, फुलं, प्लास्टिक, पूजेचं सामान यांच्या गर्दीत वह्यांची घाऊक दुकानं आहेत. डझनाखाली भाव बोलायला कुणाला वेळ नसतो. यादी मोठी असेल, दोन मुलं असतील किंवा शेजारच्या तीन घरांनी मिळून खरेदी केली, तर इकडे या. पुढे कोर्ट नाक्याला गेलात की लेजर कागद, फाइली, टॅग, लाखेच्या कांड्या, टायपिंगवाले, सगळा कचेरीचा संसार एका जागी.

ऐरोली, कोपरखैरणेकडे राहणाऱ्यांना एवढं चालायची गरज नाही. ट्रान्स-हार्बरने वाशीला उतरून सेक्टर १७ गाठा.

आणि कधीतरी एक फेरी मुंबईची करा. क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट म्हणजे स्टेशनरीचं माहेरघर. ठाण्याहून धीमी लोकल पकडा आणि मशीदला उतरा, जलद गाडी तिथे थांबत नाही. पिशवी रिकामी न्या आणि पैसे मोजून न्या. तिथे गरजेपेक्षा जास्त खरेदी न केलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

वेळेचं गणित असं: आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. (आमच्या विदर्भात उन्हामुळे त्या महिनाअखेरीस उघडतात, त्यामुळे पहिल्या वर्षी मी गाफील राहिले होते.) जूनचा पहिला पंधरवडा टाळा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवा माल आलेला असतो आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. त्याच सुमारास वॉर्डातले पुढारी स्वतःचा हसरा फोटो छापलेल्या वह्या फुकट किंवा निम्म्या किमतीत वाटतात. घ्यायला हरकत नाही. काहींचा कागद खरंच बरा असतो आणि ब्राऊन पेपर चढला की फोटो झाकतो.

पायरी ३ : दुकान पारखा

माझी कसोटी एकच आहे. एक सुटा कागद मागा.

“भाई, हा पंच्याहत्तरचा आहे ना? एक ताव द्या, घरी लिहून बघते.”

“घ्या ना ताई, एकाचे काय पैसे?”

असं म्हणणारा दुकानदार मिळाला की त्याला सोडू नका. रीम फोडता येत नाही, हात लावू नका, असं म्हणणाऱ्याकडे फक्त वेष्टणावरचं नाव विकत मिळतं. दुसरा प्रश्न विचारा: “हा कुठल्या मिलचा?” जाणकार लगेच सांगेल, आणि वर “मागच्या लॉटपेक्षा हा जरा पिवळा आलाय” असंही सांगेल. तो तुमचा माणूस.

पायरी ४ : कागद पारखा

यावर जरा रेंगाळते, कारण इथेच पैसे जातात.

आधी वजन. ए-४ आकार मुळात हिशेबातून आलाय. ए-० चा एक ताव बरोबर एक चौरस मीटरचा, त्याचे चार वेळा निम्मे केले की सोळावा भाग म्हणजे ए-४. म्हणून ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा आणि ५०० कागदांची रीम अडीच किलोची भरायला हवी. ७५ची साधारण २.३४ किलो, ७०ची २.१८. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून बघा. वेष्टणासकट दोन-चार तोळे इकडेतिकडे चालतील. पाव किलोचा फरक आला तर एकतर जीएसएम खोटा आहे किंवा कागद कमी आहेत.

वहीच्या बाबतीत पानांचा आकडा वाचा. तुम्ही ‘दोनशेपानी’ मागता, दुकानदार ‘दोनशेपानी’ म्हणूनच देतो आणि मागे बारीक अक्षरांत १७२ छापलेलं असतं. यात लपवाछपवी काही नाही, छापलंय ना! बोलीतलं नाव तेच राहिलं, पानं गळाली. शिवाय या धंद्यात पान म्हणजे एक बाजू, त्यामुळे १७२ पानी वहीत कागद ८६च.

मग उजेड. कागद खिडकीसमोर धरा. आत एकसारखी साय दिसली तर चांगला, ढग-ढग दिसले तर लगदा नीट पसरलेला नाही. फार निळसर पांढरा दिसत असेल तर त्यात चमक आणणारी द्रव्यं आहेत. बिलाला, पत्राला छान, पण तासन्‌तास वाचायला डोळ्यांना त्रास. अभ्यासाच्या वहीला किंचित सायीच्या रंगाचा कागद मला बरा वाटतो.

मग शाई. पर्समध्ये एक शाईचं पेन ठेवा आणि सुट्या कागदावर तुमचं नाव लिहा. अक्षराला केस फुटले तर कागदाला खळ कमी पडली आहे. मागे डाग उमटला तर दुसरी बाजू वाया. आणि निबेत तंतू अडकला तर कागद भुसा सोडतोय. असा कागद प्रिंटरलाही घालू नका.

शेवटी फाडून बघा, कागद उभा फाडा आणि आडवा फाडा. एका दिशेला तो सरळ रेषेत फाटतो, दुसऱ्या दिशेला वेडावाकडा. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. यंत्रावर पाण्यातून वाहत येताना लगद्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात, तीच ही दिशा. ती वहीच्या शिवणीला समांतर असेल तर पानं मऊ उलटतात. आडवी असेल तर वही उघडी राहत नाही, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात शिवणीपाशी लाटा येतात, कारण कागद ओल पिऊन फुगतो तो ग्रेनच्या आडव्या दिशेला.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं समजू नका. मुलगा तिसरीत असताना वरचं कव्हर आवडलं म्हणून एका दुकानातून तीन डझन वह्या उचलल्या होत्या. बाईंनी शाईपेन सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक पानाच्या पाठीवर आधीच्या पानाचं भूत. उरलेल्या वह्या पुढे दोन वर्षं वाणसामानाच्या याद्यांना पुरल्या.

बिल मागायला लाजू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून वह्या, आलेखवह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांच्यावर जीएसटी नाही. कॉपिअर कागदाची रीम मात्र १२वरून १८ टक्क्यांवर गेली. दोन्ही एकाच बिलात आले की वहीवरही कर लागलेला नाही ना, एवढं बघायचं.

पायरी ५ : वेष्टणावरचा पत्ता वाचा

रीमचं वेष्टण आपण टरकावून फेकतो. त्याआधी खालची ओळ वाचा, गिरणीचं गाव तिथे असतं. त्या गावावरून कागद कशाचा बनला असेल याचा बराच अंदाज येतो.

बल्लारपूर आलं तर ते आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. कंपनी १९४५ची, आणि सुरुवातीपासून भिस्त बांबूवर. लहानपणी मामाच्या गावाला जाताना बांबूने लादलेले ट्रक एसटीच्या पुढे इतके हळू चालायचे की आम्ही शेंड्यांची फडकी मोजायचो. दांडेली म्हणजे कर्नाटक. रायगडा म्हणजे ओडिशा. सोनगड गुजरातेत, पण आपल्या नवापूरच्या अगदी शेजारी. भद्राचलम आणि कागजनगर तेलंगणात. गावाचं नावच कागजनगर! ही सगळी लाकूड-बांबूवाली मंडळी.

तमिळनाडूतलं करूर दिसलं तर तिथल्या सरकारी गिरणीची ओळख उसाच्या चिपाडावर आहे. तलावपाळीला रसवंतीवाल्याच्या चरकामागे जो ढीग पडतो, तोच माल. साखर कारखाने तो एरवी बॉयलरमध्ये जाळतात. पंजाबातलं बरनाला असेल तर गव्हाचं काड. आणि वापीचा पत्ता बहुधा खोक्याच्या तपकिरी कागदावर दिसेल. तिथे मुख्य कच्चा माल रद्दी.

कशापासूनही बनवा, कृती साधारण तीच. लाकडाचे वा बांबूचे तुकडे कॉस्टिकच्या रसायनात दाबाखाली शिजवायचे. लाकडाला धरून ठेवणारा लिग्निन नावाचा डिंक त्यात विरघळतो आणि तंतू सुटे होतात. उरलेलं काळं पाणी आटवून जाळतात, त्यावर गिरणीची वाफ आणि वीज निघते, रसायनंही परत मिळतात. लगदा धुवायचा, पांढरा करायचा, खळ आणि खडूची भुकटी मिसळायची, भरपूर पाण्यात पातळ करून धावत्या जाळीवर सोडायचा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन बराच राहू देतात, म्हणून तो दोन उन्हांत पिवळा पडतो. मुलांचे जन्माचे दाखले, निकाल यांच्यामध्ये वर्तमानपत्र घालून ठेवू नका ते यासाठी.

आता नेहमीचा प्रश्न: कागद म्हणजे जंगलतोड का? उत्तर हो-नाही असं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सांगितलं की कच्चा माल शेतकऱ्यांकडून लावून घ्या. त्यामुळे आज गिरण्यांना जाणारं बरंचसं लाकूड सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांचं, म्हणजे शेतात मुद्दाम लावलेलं आहे. चार-पाच वर्षांत तोडायचं आणि परत लावायचं. त्यात शेतकऱ्याला पैसा मिळतो, आणि निलगिरी पाणी किती पिते हे भांडणही आहेच.

बांबूची गोष्ट वेगळी. तो जंगलातून यायचा, गिरणीला सरकारकडून मिळायचा आणि जंगलात राहणाऱ्याच्या हाती फक्त तोडणीची मजुरी. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव यावर अडून बसलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा शाळेत असताना आम्ही ऐकलेली. वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबू विकायचा अधिकार गावाकडे आला. पुस्तक तेवढंसं जाड नसेल, पण ते कुणाच्या टेबलावर असतं यावर दोन पिढ्या गेल्या.

वेष्टणावर एफएससीचं (जंगल जपून मिळवलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं) झाडाचं चिन्ह असेल तर खालचा शब्द वाचा. शंभर टक्के, मिश्र की पुनर्वापरातला, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि ‘मिश्र’ सगळ्यांत जास्त दिसतो.

मधेच, हातकागदाबद्दल

यादीतला तो घोटीव कागद आठवतोय? यंत्रं येण्याआधी आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादचा कागद नावाजलेला होता. मोडीतल्या जुन्या दप्तरांत जुन्नरी, दौलताबादी कागद भेटतो. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव अजून आहे. चिंध्यांचा लगदा, वर पिठाची खळ, आणि बोरूची शाई पसरू नये म्हणून ताव गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेला तो घोटीव. आज पाकिटात मिळतो तो यंत्रावर चकाकी दिलेला रंगीत कागद, नाव मात्र त्या दगडाचं.

हातकागद हवाच असेल तर ठाण्यातल्या कलासाहित्याच्या दुकानांत थोडाफार मिळतो. मनासारखी निवड हवी तर पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जा. १९४०पासूनची संस्था आहे आणि कागद सुती चिंध्यांचा असतो. लग्नपत्रिका किंवा जलरंगासाठी घ्या. प्रिंटरमध्ये घालू नका, मी घातलाय.

पायरी ६ : घरी आणल्यावर

रीमच्या वेष्टणाला आतून मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असतो, तो ओलीपासून जपण्यासाठीच. जून ते सप्टेंबर लागेल तेवढाच कागद बाहेर काढा, उरलेला वेष्टणात परत गुंडाळा, आडवा ठेवा आणि भिंतीला टेकवू नका. खाडीकडच्या घरांत तर कपाटाच्या तळाशी मुळीच नाही. प्रिंटर पावसाळ्यात कागद अडकवायला लागला की दहापैकी आठ वेळा बिघाड कागदात असतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी नवी रीम फोडून बघा.

पायरी ७ : वापरून झालेला कागद

रद्दीवाला महिन्याला येतोच. वर्तमानपत्र, वह्या आणि पुठ्ठा वेगवेगळे बांधून ठेवा. तिन्हींचा भाव वेगळा असतो आणि एकत्र दिलं की सगळं खालच्या भावात जातं. तेलकट, मेणाचा, चकचकीत प्लास्टिक चढवलेला कागद त्यात घालू नका, गिरणीला तो चालत नाही. पुढे ही रद्दी गठ्ठ्यांत बांधून गिरणीत जाते आणि बहुधा खोका होऊन भिवंडीच्या एखाद्या गोदामात, म्हणजे तुमच्या घरापासून तासाभरावर परत येते. असं पाच-सात वेळा होऊ शकतं. दर फेरीला तंतू आखूड होतो, म्हणून जुन्या खोक्याचा पुठ्ठा हातात तुटतो.

पण पाठकोरे कागद रद्दीत देऊ नका. एका बाजूने कोरे असलेले शे-दीडशे कागद साठले की ते एका आकारात लावून गल्लीतल्या बायंडरकडे न्या. नौपाड्यात आणि कोर्ट नाक्याच्या आसपास झेरॉक्सवाल्यांना विचारलं की बायंडर सापडतो. “वरून गोंद लावून पॅड करा, खाली पुठ्ठा घाला” असं सांगायचं. शिवण मागू नका, तिचे पैसे जास्त पडतात आणि पॅडला तिची गरज नसते. सकाळी दिलं तर संध्याकाळी मिळतं. दहावीच्या परीक्षा संपल्यावर मात्र जाऊ नका, तेव्हा त्याच्याकडे प्रबंध आणि प्रोजेक्टचे ढीग असतात आणि तुमचा पॅड जूनपर्यंत खाली दबून राहतो.